घरातले दहा कान आणि मे महिन्यातली हळद

मॅडम, नमस्कार.
मी घणसोली गावात राहते. मे महिन्यात माझ्या भाच्याची हळद आहे, ऐरोलीला, माझ्या माहेरी. मी नवरदेवाची एकुलती एक आत्या, त्यामुळे संध्याकाळपासून शेवटचं गाणं वाजेपर्यंत मांडवातून हलता येणार नाही. फेब्रुवारीत जाऊबाईंच्या मुलीच्या हळदीनंतर माझे कान दोन दिवस वाजत होते, दडे बसल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी आपोआप बरं झालं. आमचे हे रबाळे एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून आकार देतात त्या विभागात आहेत. ते म्हणतात, लग्नात एवढं चालतंच. धाकटी चार वर्षांची आहे, तेव्हा कान झाकून रडत होती. मोठा चौदाचा. सुट्टीत वाशीला पोहायला जातो आणि लोकलमध्ये जाता-येता कानात इअरबड्स. पोहून आल्यावर कान खाजतो म्हणतो, तर सासूबाई कोमट तेल टाकतात. त्यांना स्वतःला ऐकायचं मशीन आहे. हळदीत ते बंद करून बसल्या तर चालेल का? भावाला आवाजाबद्दल बोलायची सोय नाही, लगेच ‘आत्याला नाचायचं नसेल तर बसू दे घरात’ असं होईल. कापसाचे बोळे घालून भागेल का?
– एक आत्या, घणसोली

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. कापसाने भागणार नाही. सुका कापूस मोजकेच काही डेसिबल अडवतो. वर बोळा घातलाय म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि स्पीकरला आणखी खेटून उभा राहतो.

आता तुमचे ते दोन दिवस. कान वाजायचे थांबले हे खरं, पण आत काय झालं ते ऐका. आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांच्यावरचे बारीक केस हलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. आवाज फार मोठा झाला आणि फार वेळ चालला की या पेशी थकतात, ऐकू कमी येतं, कुईंऽऽ सुरू होतं. शांतता मिळाली की बऱ्याचशा सावरतात. काही मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. हे वाटप असं का, कोण जाणे. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की आवाजानंतर श्रवण तपासणीत पुन्हा पूर्ववत आलं, तरी केसपेशी आणि श्रवणाची नस यांना जोडणारे कितीतरी सांधे कायमचे गेलेले होते. म्हणून ‘तिसऱ्या दिवशी बरं झालं’ यावर मी विसंबत नाही, तुम्हीही विसंबू नका.

पहिला फटका बसतो तो वरच्या पट्टीला. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, काढला की चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. रोजच्या जगण्यात तो लवकर कळत नाही, कारण आवाज ऐकू येत असतो. फक्त स, श, फ, थ असली हलकी अक्षरं निसटायला लागतात. भाजीवाल्याने साठ सांगितले की आठ, पंखा सुरू असला की मुलगी काय म्हणाली, हे पुन्हा विचारावं लागतं. माझ्या ठाण्याच्या क्लिनिकमध्ये पंचेचाळिशीची माणसं येतात ती ‘मला ऐकू येतं हो, हल्ली लोकच नीट बोलत नाहीत’ असं म्हणत. बायकोने हाताला धरून आणलेलं असतं.

तुमच्या यजमानांना एक विचारा. प्रेस सुरू असताना कानात प्लग न घालता शॉप फ्लोअरवर गेलं तर सुपरवायझर सोडेल का? आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेची नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था त्याहून कडक: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. मांडवात स्पीकरच्या पुढ्यात १०० सहज ओलांडले जातात, आणि हळद काही पंधरा मिनिटांत आटपत नाही. आवाजाचा हिशेब उन्हासारखा आहे: किती कडक आणि किती वेळ, दोन्ही मिळून भाजतं. त्यातून तुमचे ‘हे’ दिवसभर प्रेसजवळ उभे राहून संध्याकाळी डीजेसमोर येणार असतील, तर त्यांच्या कानांना दोन पाळ्या लागोपाठ होतात. त्या दिवशी रजा टाकता आली तर बघा. नाहीतरी घरचंच कार्य आहे.

आवाज किती आहे हे कळायला मशीन लागत नाही. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या पुढे आहात. मोबाईलवरची ॲप्स अंदाज देतात, पण डीजेच्या आवाजाला फोनचा छोटा माइक पुरा पडतोच असं नाही, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून खूश होऊ नका.

तर उपाय. यजमानांना कंपनीत मिळतात तेच फोमचे प्लग. तुर्भे-रबाळ्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या बाजूला सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे एका वडापावच्या आसपास एक जोडी पडते. मोठ्या माणसांसाठी मूठभर घेऊन ठेवा, मांडवात मागणारे निघतात.

घालायची पद्धत मात्र नीट शिका, कारण दहातले आठ जण प्लग कानाच्या दारात नुसता टेकवून ठेवतात. आधी हात स्वच्छ धुवा. हळदीच्या बोटांनी प्लग वळू नका, ती हळद आत जाते. कोरड्या बोटांनी प्लग हळूहळू वळत बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. मग उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या. अंबाड्यावर गजरा असेल तर डोक्याच्या मागून न्या. कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा. त्याने आतला वाकडा मार्ग सरळ होतो. आता प्लग आत सरकवा आणि बोटाने तसाच धरून ठेवा, अर्धा मिनिट तरी, तो आत फुगेपर्यंत. लोकांचा धीर इथेच सुटतो. नीट बसला असेल तर समोरून आरशात पाहिल्यावर प्लग फारसा दिसत नाही, आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. किती डेसिबल अडतात याचे २९, ३३ असे आकडे पाकिटावर असतात, ते प्रयोगशाळेतले. प्रत्यक्षात निम्मे धरा. तेवढेही पुष्कळ झाले.

‘मग गाणं काय ऐकणार?’ असं कोणीतरी म्हणेलच. फोम वरच्या पट्टीचा आवाज जास्त अडवतो, खालचा कमी. त्यामुळे बेस छातीत बसायचा तो बसतोच, टॉपची किरकिर तेवढी जाते. नाचायला काही कमी पडत नाही. एकच सांगते: फोन घ्यायला, फोटो काढायला म्हणून प्लग काढून पंधरा मिनिटं तसंच राहिलात, तर आधीच्या तासभराच्या संरक्षणाचं पाणी होतं. काढायचा तर मांडवाबाहेर जाऊन काढा, हळू फिरवत. घरात कोणी बेंजो पार्टीत वाजवत असेल तर त्याच्यासाठी वादकांचे खास प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात. महाग असतात, पण हंगामभर रोज वाजवणाऱ्याने खर्च करावा.

धाकटीला फोमचे प्लग नकोत. चार वर्षांच्या मुलाचा कानाचा मार्ग लहान असतो, आणि काढलेला प्लग तोंडात जायची भीती. तिला मुलांचे इअरमफ घ्या, कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्यांचे. झुमके आणि क्लिपा त्या वाटीखाली आल्या की फट पडते, म्हणून त्या दिवशी तिचा शृंगार जरा बेताचा. आठवडाभर आधीपासून घरी मिक्सर लावताना घालायची सवय करा, नाहीतर मांडवात दोन मिनिटांत भिरकावून देईल. आणि इअरमफ घातले तरी स्पीकरजवळ नको. कान झाकून रडत होती ना? त्या सगळ्या मांडवात तिचंच बरोबर होतं. असं मूल दिसलं की ‘घाबरते हो’ म्हणून हसण्याऐवजी त्याला उचलून बाहेर न्यायचं.

आता भाऊ. त्याला ‘आवाज कमी कर’ म्हणू नका. वर्षभर आधी डीजे ठरवणाऱ्या माणसाला ते ऐकूच येत नाही, आणि खरं सांगायचं तर डीजेशिवाय ऐरोलीतली हळद मलाही डोळ्यांसमोर येत नाही. जागा मागा, वेळ मागा. म्हणजे असं: स्पीकर कुठे लावायचे ते आदल्या दिवशी ठरू दे, आणि तिथे आत्या हजर. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी होतात. पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे होत नाहीत, पत्रा आवाज परत फेकतो. म्हणून तोंडं मोकळ्या मैदानाकडे, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खुर्च्या आणि जेवणाच्या पंगती स्पीकरच्या मागच्या बाजूला. पुढे चार पावलांवर एक दोरी बांधा, पोरं स्पीकरला मिठी मारून नाचतात ते थांबेल. डीजेवाल्याला वेगळं गाठून म्हणा, बेस राहू दे, टॉप जरा खाली घे. आपल्या कानाच्या नळीची घडणच अशी, की तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आत जाताना आणखी मोठा होतो, त्यामुळे कानाला खरं टोचतं ते टॉप. बेस कमी झाला तर गर्दी लगेच ओरडेल, टॉप थोडा उतरलेला कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि हळद लावतानाचा वेळ धवलारीणबाईंना, म्हणजे धवले ही लग्नातली पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बाईंना, द्यायला सांगा. ही मागणी आत्याने केली तर तिला कोणी नाही म्हणत नाही. धवले चालू असताना डीजे बंद, तेवढा वेळ सगळ्यांच्या कानांना विसावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक काढलं, त्यात सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये हे तर आहेच, शिवाय लोकांना बसायला एक शांत जागा असावी असंही आहे. आपल्याकडे ती जागा म्हणजे भावाच्या घरातली मागची खोली. तिथे पंखा लावून ठेवा, दर तासाला दहा-पंधरा मिनिटं आत जाऊन बसा. आत्याला पाणी प्यायलाही जाऊ देणार नाहीत एवढे काही ते निर्दयी नसतील.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला वर्षातले काही दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ती जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि कोणाच्या घरच्या हळदीसाठी ती नसते. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे भावाला कायदा म्हणून ऐकवू नका. ‘दहाच्या आत आटपलं तर पोलीस येऊन शोभा होणार नाही’ असं सांगा, लगेच पटेल. दुसऱ्याच्या लग्नाचा त्रास होत असेल तर ११२ आहेच, पण स्वतःच्या भाच्याच्या हळदीला तो नंबर कोण फिरवणार?

मोठ्या मुलाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यात आधी हात घालायची. कोमट तेल आजच बंद. सासूबाई मायेनेच टाकत असतील, पण पोहणाऱ्याच्या कानात पाणी राहून आतली त्वचा मऊ पडते, त्यात जंतू किंवा बुरशी वाढते, आणि आपल्या दमट हवेत बुरशी फार. खाज हे तिचं नेहमीचं लक्षण. वर तेल घातलं की ओल आतच राहते, आणि पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात. काडी, बड, हेअरपिन काहीही घालू द्यायचं नाही. मळ हा कानाचा राखणदार आहे, तो खरवडून काढला की जंतूंना मोकळं रान. पाण्यातून बाहेर आल्यावर मान एका बाजूला कलती करून कान हलवायचा, पाणी निघून जाऊ द्यायचं, टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसायचं. कानाच्या तोंडाशी असलेली छोटी पाकळी दाबली किंवा कान ओढला की दुखतं का बघा. दुखत असेल, पाणी-पू येत असेल किंवा दडे बसले असतील तर पोहणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून मनाने ड्रॉप्स आणू नका. सुट्टीत गावी विहिरीत उंचावरून उड्या मारायचा बेत असेल, तर पाण्यावर कान आडवा आपटला की पडदा फाटू शकतो एवढं त्याच्या कानावर घाला.

इअरबड्स. घणसोली ते वाशी म्हणजे काही लांबचा प्रवास नव्हे, पण गाडीचा खडखडाट, पंखा आणि गर्दी यांच्यावर मात करायला पोरं आवाज वाढवत नेतात आणि उतरल्यावर कमी करायचं विसरतात. मग घरीही तोच आवाज. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते, ती त्याच्यासमोर बसून, त्याच्याच हाताने लावून घ्या. निम्म्याच्या थोडं वर, त्यापलीकडे नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढाच वेळ ७५. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन असतील तर कमी आवाजात भागतं. पण फलाटावर आणि रस्त्यावर ते काढायचेच. आणि पोहून आल्या आल्या ओल्या कानात इअरबड अजिबात नको. माझा अंदाज, त्याची निम्मी खाज तिथूनच येत असेल.

सासूबाईंचं मशीन बंद केलं तर त्याचा साचा कानात थोडाफार आडोसा करतो, पण प्लगएवढा नाही. उघड्या टोकाचं बारीक मशीन असेल तर तेवढाही नाही. मशीन काढून डबीत ठेवा, त्यांना इअरमफ द्या आणि मागच्या खोलीजवळ बसवा. मे महिन्यात घामाने मशीन बिघडण्याचं प्रमाण वाढतं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. रिचार्जचं असेल तर विकणाऱ्याला विचारा, त्याची पद्धत वेगळी असते.

शेवटी तुमची स्वतःची तपासणी, ती हळदीच्या आधी. फेब्रुवारीत दोन दिवस कान वाजले म्हणजे एक ऑडिओग्राम हवाच. यजमानांचाही. कंपनीत दरवर्षी होत असेल तर जुने कागद मागून घ्या, आधीच्या आलेखाशी ताडून पाहिलं की खरं कळतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, ती केंद्र सरकारची. तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या आवाजापासून लांब राहा. मोठ्या आवाजानंतर लगेच तपासलं तर तात्पुरती घट मोजली जाते आणि उगाच घाबरगुंडी उडते.

हळदीनंतर कान वाजले तर पुढचे दोन-तीन दिवस जमेल तेवढी शांतता, इअरबड्स बंद, आणि वरातीला जाऊ दे दुसऱ्यांना. मात्र एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा चक्कर येऊ लागली, तर ‘दडे बसले असतील’ म्हणून आठवडा घालवू नका. अशा वेळी औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. मला पत्र नंतर लिहा, आधी डॉक्टरांकडे जा, मग अंगावरची हळद उतरलेली असो नसो.